बोटभर स्वार

बेंगळुरूच्या आग्नेय दिशेला कोरमंगला नावाची मोठी वसाहत आहे. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा त्या शहरी भरल्या, तेव्हा खेळाडूंच्या निवासासाठी बांधलेल्या इमारती याच वसाहतीत आहेत; आणि २००७ साली येथल्याच एका बिऱ्हाडात फ्लिपकार्ट नावाचे पुस्तकांचे दुकान निघाले, ते पुढे केवढे वाढले हे आपण जाणताच. दिवसभर संगणकापुढे बसून पोट भरणाऱ्या तरुण मंडळींची ही वस्ती. माझा भाचा त्यांतलाच एक. गेल्या वर्षी आषाढापासून भाद्रपदापर्यंत मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. आज जे सांगणार आहे ते मला त्या मुक्कामात, बहुतांशी रात्रीच्या जेवणानंतर, त्याच्या एका टेबलाशी बसून कळले.

हे टेबल सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. तांबूस-हिरव्या कापडाखाली पुस्तके सरकवून त्यावर टेकड्या केलेल्या, निळ्या कागदाची नदी, काड्यांची झाडे; आणि या साऱ्या मुलखात जेमतेम इंचभर उंचीचे शे-सव्वाशे शिपाई उभे. पहिल्या दिवशी मी हसून म्हटले, ‘अरे, चाळिशी आली, अजून किल्ला करतोस?’ तो म्हणाला, ‘हो मामा. फक्त हा तुळशीचे लग्न झाले म्हणून मोडायचा नाही.’

हा एक खेळ आहे. दोन खेळाडू समोरासमोर बसतात. प्रत्येकाचे एक सैन्य असते. पायदळाने एका पाळीत किती इंच सरकावे, घोडदळाने किती, चढणीवर किती इंच कमी करावे, ओढा ओलांडताना काय गमवावे, याचे नियम असतात; अंतर मोजायला फूटपट्टी आणि दैवाचा वाटा द्यायला फासे. खेळ तीन-चार तास चालतो. परंतु त्या तीन तासांमागे तीनशे तासांचे काम असते, कारण यातला प्रत्येक शिपाई खेळणाऱ्याने स्वतः जोडलेला आणि रंगवलेला असावा असा या मंडळींचा दंडक आहे. माझ्या भाच्याला, खरे सांगायचे तर, लढाईत फारशी गोडी नाही. तो बहुधा हरतो. त्याचा जीव आहे तो रंगवण्यात.

सैन्याचे चिमुकले रूप मांडून बुद्धीची लढाई करणे आपल्याला परके नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही चार अंगे घेऊन चतुरंग निघाला आणि त्यातून बुद्धिबळ जन्मले. पण बुद्धिबळाचा पट सपाट असतो. तेथे टेकडी नाही, चिखल नाही, आणि फासा गेल्यापासून दैवही नाही. या उणिवा प्रशियातल्या एका बापलेकांनी भरून काढल्या. फोन राइसविट्झ हे त्यांचे आडनाव. बापाने १८१२ साली भूप्रदेशाचे तुकडे बसवता येतील असे एक टेबल करून राजाला नजर केले आणि मुलाने १८२४ साली त्या खेळाचे नियम छापले. सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी प्रशियाच्या लष्कराने तो स्वीकारला. त्यात शिपाई नव्हते, नुसत्या लाल-निळ्या ठोकळ्या होत्या. शिपाई आले ते मुलांच्या खेळण्यांतून. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन नावाच्या कारखानदारांनी शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली, तेव्हा ते स्वस्त झाले आणि घरोघर गेले. हे शिपाई जमिनीवर मांडून लुटुपुटीची लढाई कशी करावी यावर एच. जी. वेल्स या प्रख्यात कादंबरीकाराने १९१३ साली एक छोटे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुढे १९८३ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीने वॉरहॅमर नावाचा कल्पित जगातल्या राक्षसांचा आणि वीरांचा खेळ काढला, आणि आज जगभर या छंदातला फार मोठा वर्ग तोच खेळतो. भाच्याच्या मित्रांपैकी बहुतेकांची सैन्ये त्याच जातीची आहेत. ती दिसायला चित्तवेधक असतात, परंतु राक्षसाला हिरवा रंग द्यावा की जांभळा याची जबाबदारी कोणावरच नसते. म्हणून मी त्यांच्याविषयी अधिक बोलत नाही.

आता हा बोटभर माणूस तयार कसा होतो ते पाहू. तो येतो तो तुकड्यातुकड्यांनी. धड, हात, भाला, घोड्याची दोन अर्धी अंगे, शेपटी असे सारे अवयव प्लॅस्टिकच्या एका चौकटीला देठांनी चिकटलेले असतात. ते नाजूक पकडीने तोडायचे, आणि साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर जी बारीक धार उठलेली असते ती सुरीच्या पाठीने खरवडून काढायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि नवखा मनुष्य ते टाळतो. मग रंग चढल्यावर ती धार घोड्याच्या पोटावर टाक्यासारखी दिसू लागते. प्लॅस्टिकला लावायचा द्रव खरे म्हणजे चिकटवतच नाही; तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होतात. धातूच्या आकृतीला हा उपाय चालत नाही, तेथे झटपट सुकणारा डिंकच लागतो.

हे शिपाई परदेशातून मागवणे अलीकडे महाग झाले आहे. खेळण्यांवरील आयात-जकात २०२० साली शेकडा २० वरून ६० झाली आणि २०२३ साली ७०. छोट्या प्रतिकृती खेळण्यांच्याच सदरात मोडतात. त्यामुळे पुष्कळ जण आता घरीच यंत्रावर आकृती घडवतात. प्रकाशाने घट्ट होणारी राळ एका पसरट भांड्यात ओततात, खालून अतिनील किरणांनी तिचा एकेक पापुद्रा घट्ट केला जातो, आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे पापुद्रे एकावर एक चढत रात्रीतून स्वार तयार होतो. कच्ची राळ कातडीला बाधते, म्हणून हातमोजे घालावे लागतात. भाच्याच्या मराठी स्वारांपैकी निम्मे असे रातोरात जन्मलेले आहेत.

यानंतर अस्तराचा हात. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीला आधी पांढरा हात देतात, त्याचेच हे भावंड. प्लॅस्टिक गुळगुळीत असते; पाण्यातला रंग त्यावर धरत नाही, थेंब होऊन ओघळतो. अस्तराने पृष्ठाला किंचित खरखरीतपणा येतो. हे अस्तर डब्यातून फवारतात, आणि येथे माझ्या हातून पहिली चूक झाली. श्रावणातली झड थांबलेली पाहून मी बारा स्वार गच्चीत नेऊन मोठ्या उत्साहाने फवारले. हवेत दमटपणा भरपूर होता. अर्ध्या तासात भिंतीला लोणा फुटावा तसा पांढरट खरखरीतपणा त्या बाराही जणांच्या अंगावर फुटला. भाचा रागावला नाही. त्याने ते सगळे एका बरणीत डेटॉलमध्ये बुडवून ठेवले. सकाळी जुन्या दंतमंजनाच्या ब्रशाने घासताच अस्तर सुटले. मात्र पहिले धुणे डेटॉलनेच करावे लागते. मध्येच पाणी लागले की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो. घरभर दोन दिवस इस्पितळाचा वास दरवळत होता.

रंग हे पाण्यात कालवण्याचे, पण सुकल्यावर पाण्याने न निघणारे. इंग्रजीत ज्यांना ॲक्रिलिक म्हणतात ते. ते काही मिनिटांत वाळतात. म्हणून तबकडीत ओला स्पंज ठेवून त्यावर स्वयंपाकघरातला लोण्याचा कागद पसरतात आणि रंग त्या कागदावर घेतात. खालून ओल मिळत राहते आणि रंग तासन्‌तास जिवंत राहतो. पहिला नियम असा की रंग दुधाइतका पातळ असावा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. माणसाच्या नाकाची उंची जेथे अर्धा मिलिमीटर आहे, तेथे जाड रंगाचा एक हात म्हणजे चेहऱ्यावर गिलावा. कुंचल्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे चांगला कुंचला म्हणजे मुंगसाच्या केसांचा, ही माझ्या पिढीची समजूत. त्या केसांसाठी मुंगसे मारली जातात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बंद आहे. कृत्रिम केसांचा कुंचला टोक लवकर हरवतो हे खरे. पण तो बदलता येतो.

मी सत्तरीच्या पलीकडे गेलेला मनुष्य. माझा हात आता थोडा कापतो. चहाची बशी मी दोन्ही हातांनी धरतो. इंचभर स्वाराच्या शेल्याची किनार रंगवणे मला शक्य नाही असे मी धरूनच चाललो होतो. भाच्याने स्वार एका रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवून ती माझ्या डाव्या हातात दिली, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवायला लावले आणि दोन्ही मनगटे एकमेकांना भिडवायला सांगितली. आता हात कापला तरी दोन्ही एकाच वेळी कापतात. कुंचला आणि स्वार यांच्यातले अंतर बदलत नाही. श्वास सोडून, पुढचा घेण्याआधी, रेघ ओढायची. मी ओढली. ती सरळ आली. लग्नाच्या पंगतीत पहिला वाढपी होण्याचा मान मिळावा तसे मला वाटले, आणि त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो.

आता या कलेचे जे मर्म मला वाटते त्याकडे वळतो. लहान आकृती म्हणजे लहान केलेला माणूस नव्हे. आकृती लहान होते, पण तिच्यावर पडणारा उजेड लहान होत नाही. हा स्वार माणसाच्या साठाव्या हिश्शाचा. त्याच्या दृष्टीने पाहिले तर आमच्या डोक्यावरची चार फुटी विजेची नळी २४० फूट लांबीची आहे. एवढा विस्तीर्ण दिवा डोक्यावर असताना अंगरख्याच्या चुणीत, बगलेत, पागोट्याच्या पिळात सावली उरेल कशी? खऱ्या माणसाच्या अंगावर सूर्य जी छाया-प्रकाशाची कामगिरी फुकट करतो ती येथे रंगवणाऱ्याला करावी लागते. म्हणून आधी मधला रंग देतात. मग काळपट रंगाचे पातळ पाणी सोडतात, ते आपोआप खोलगट जागी जाऊन बसते आणि चुणी उमटतात. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात, म्हणजे खांदे, गुडघे, नाक उजळतात. पांढऱ्या कपड्याला पांढरा रंग शेवटी आणि अगदी थोडा लागतो. बाकी सारा राखी आणि पिवळसर. मी सरळ पांढरा फासला होता, तर स्वार पिठात पडल्यासारखा दिसत होता.

हेच गणित डोळ्यांना लागू आहे. मी मोठ्या कष्टाने एका स्वाराचे डोळे काढले. आधी पांढरा ठिपका, मग त्यात काळा. स्वार दचकलेला दिसू लागला. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही याला हातभर अंतरावरून पाहता. साठ सेंटिमीटरला साठाने गुणा.’ उत्तर आले छत्तीस मीटर, म्हणजे सुमारे एकशेवीस फूट. एकशेवीस फुटांवरच्या माणसाचे बुबुळ कोणाला दिसते? दिसते ती भुवईखालची एक काळसर सावली. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, घरातला सर्वांत सधा हात करतो, कारण तेथे भक्त मूर्तीच्या डोळ्यांत पाहतो. येथे डोळे न काढण्यातच डोळे आहेत.

बेंगळुरूपासून तासाभराच्या अंतरावर चन्नपट्टण आहे. तेथली लाकडी खेळणी कुंचल्यावाचून रंगतात. काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर गरगर फिरत असते, कारागीर त्याला लाखेची रंगीत कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि केतकीच्या पानाने तिला झळाळी देतात. तेथे सावली रंगवावी लागत नाही, कारण त्या बाहुलीला माणूस असल्याचे भासवायचे नसते. तिचा गोलवा हाच तिचा मोठेपणा. मी भाच्याला तिकडे घेऊन गेलो. त्याने दोन तास पाहिले आणि परतताना एवढेच म्हणाला, की आपल्याला रोज खोटी सावली पाडावी लागते.

भाच्याने निवडलेला प्रसंग १७९१ सालचा. त्या वर्षी २१ मार्चच्या रात्री लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बेंगळुरूचा किल्ला घेतला आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. १५ मे रोजी अरकेरे येथे त्याची सरशी झाली. परंतु पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपले. तटावर डागायच्या अवजड तोफा हातानेच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा मदतीस येत होत्या, पण टिपूच्या स्वारांनी वाटेवरचे जासूद असे तोडले होते की त्या किती जवळ आल्या आहेत हे इंग्रजांना ठाऊक नव्हते. मेच्या अखेरीस मेलकोट्याजवळ एकाएकी घोडेस्वार दिसू लागले. इंग्रजांनी ते शत्रूचे समजून लढाईची तयारी केली, आणि मग कळले की हे मराठे आहेत.

या प्रसंगासाठी भाच्याला चाळीस मराठे स्वार रंगवायचे होते. येथे खरी अडचण उभी राहिली. युरोपातल्या शिपायाला रंगवणे सोपे असते. कोणत्या पलटणीची गळपट्टी पिवळी, कोणाच्या बाह्यांची टोके हिरवी, याची सचित्र पुस्तके आहेत. एक शिपाई रंगवला की शंभर रंगवले. मराठा शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचे कपडे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, पण गणवेश त्यालाही नसे. गारद्यांसारखे कवायती पायदळ सोडले तर या फौजेला एक रंग असा नव्हताच. भाच्याने पहिल्या आठ जणांना भगवी पागोटी रंगवली होती. टेबलावर ती फार शोभून दिसत. सिनेमात आपण पाहतो तशीच.

मी त्याला म्हटले, ‘हे आठही जण भगवे असते, तर इंग्रजांनी त्यांना शत्रू समजायचे कारण काय होते?’

तो बराच वेळ बोलला नाही. त्याची अडचण खरी होती. खेळात समोरच्या खेळाडूला लांबून कळले पाहिजे की हे स्वार कोणाचे. नाहीतर दर पाळीला भांडण. आणि इतिहासात तर नेमके ते कळले नव्हते. त्याचे मित्र म्हणाले, राहू दे भगवे, कोणाला कळते आहे? मला त्या वेळी जे वाटले ते सांगतो. कल्पित राक्षसाला कोणताही रंग द्यावा; तो तक्रार करणार नाही. पण हे चाळीस जण कोणाचे तरी पूर्वज आहेत, कदाचित आमचेच. त्यांना शोभेसाठी एका रंगात बुचकळून काढणे म्हणजे ज्याच्या-त्याच्या घरची पागोटी काढून घेऊन त्यांना नाटक कंपनीच्या पेटीतली देण्यासारखे आहे. हे मी त्याला एवढ्या शब्दांत बोललो नाही. रात्री ती आठही जणांची बरणी त्यानेच भरली. पुन्हा डेटॉलचा वास.

मग आम्ही शोधाला लागलो. परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबर कॅप्टन लिटल याची इंग्रजी तुकडी होती. तीतला एडवर्ड मूर नावाचा अधिकारी याने त्या मोहिमेचा वृत्तांत १७९४ साली लंडनला छापला. मराठी छावणी आतून पाहिलेल्या माणसाचे ते लिखाण असल्यामुळे त्याचे मोल मोठे. बाकीचे आम्ही कापडाच्या हिशेबाने ठरवले. त्या काळी रासायनिक रंग नव्हते. बहुतेकांचे अंगरखे न रंगवलेल्या सुताचे, म्हणजे धुळीने पिवळट झालेले. तांबडा मंजिष्ठेचा, निळा निळीचा. हे दोन टिकतात. कुसुंबी मात्र उन्हात भराभर उडतो. तेव्हा कृष्णेच्या काठाहून निघून कावेरीपर्यंत आलेल्या स्वाराचे कुसुंबी पागोटे मेमध्ये फिक्या गुलाबी रंगावर आलेले असणार. असे सहा आम्ही केले. कोणी कापूस भरलेला जाड डगला घातलेला, कोणाच्या पाठीला ढाल, एकाच्या अंगावर वाडवडिलांचे चिलखत. भगवा ठेवला तो फक्त झेंड्याला.

घोड्यांच्या बाबतीत माझी सरशी झाली. भाच्याकडे रंगांच्या इंग्रजी नावांच्या साठ बाटल्या होत्या. माझ्याकडे आजोबांकडून ऐकलेले शब्द होते. कुमाईत म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि आयाळ, शेपूट काळी. सुरंगाची आयाळही तांबडीच. सब्जा म्हणजे राखी, मुश्की, काळा, अबलख, दोन रंगांच्या ठिगळांचा, आणि चारही पाय व तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी. एकेक शब्द म्हणजे रंगवण्याची एकेक पूर्ण सूचना आहे. भाच्याने त्या शब्दांच्या चिठ्ठ्या करून बाटल्यांना चिकटवल्या. शिवाय साच्यातला घोडा हा धिप्पाड इंग्रजी घोडा होता, आणि आपल्या भीमथडीच्या तट्टाची उंची बेताची. त्यावर उपाय एकच, पाय घोट्यापाशी कापून पुन्हा जोडणे. चाळीस घोडे म्हणजे एकशेसाठ पाय. ते काम मी भाच्यावर सोडून दिले.

ओळखण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो भाच्याने फार साधेपणाने सोडवला. प्रत्येक स्वार एका गोल चकतीवर उभा असतो. मराठ्यांच्या चकत्यांच्या कडेला त्याने मागच्या बाजूने एक बारीक नारिंगी रेघ दिली, म्हैसूरच्या स्वारांच्या कडेला हिरवी. समोरून पाहणाऱ्या इंग्रज सेनापतीला काही कळत नाही. मागे बसलेल्या खेळाडूला सारे कळते. चकतीवर पसरायला त्याने परदेशी वाळूचे पाकीट आणले होते. मी शेजारच्या बांधकामावरून मूठभर तांबडी माती आणली, चाळली, तव्यावर भाजली आणि फेव्हिकॉलवर भुरभुरली. मेलकोट्याकडे जाताना वाटेवर दिसते तीच ही माती.

एका रात्री मी सहज म्हटले, की आमच्या लहानपणी पुण्यात किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना चित्रे म्हणत, आणि कुंभारवाड्यातून चित्रे आणायची तर मावळ्यांबरोबर एक वाणी आणि एक गवळण आणलीच पाहिजे. वाण्याशिवाय किल्ला म्हणजे मुलांना अर्धा वाटे. त्याचा आकार अनेकदा महाराजांपेक्षाही मोठा असे, पण त्याने काही बिघडत नसे. भाचा एकदम उठून बसला. कारण मेलकोट्याच्या त्या भेटीत इंग्रजांना वाचवले ते मराठ्यांच्या भाल्यांनी नव्हे, त्यांच्या बाजाराने. मराठी फौजेबरोबर वाणी-उदमी, बंजारे असा सारा बाजार चालत असे. उपाशी मरणाऱ्या इंग्रजी सैन्याला त्या बाजारात धान्य मिळाले; मात्र चढ्या भावाने. परदेशातल्या शिपायांच्या पेटीत सनईवाला मिळतो, नगारजी मिळतो. वाणी मिळत नाही.

तेव्हा तो घडवणे आले. तारेचा सांगाडा वाकवून त्यावर एम-सीलची लांबी चढवली. ती दोन्ही लांब्या मळल्यापासून तासाभरात दगडासारखी होते, म्हणून पोट आधी आणि पागोटे शेवटी. मांडी घालून बसवला, म्हणजे पायांचा प्रश्न सुटला. धान्याची पोती म्हणजे लांबीचे गोळे, त्यांवर जुन्या गोणपाटाचा धागा दाबून उठवलेली वीण. तराजूची पारडी औषधाच्या गोळ्यांच्या चकचकीत वेष्टनातून कागदाला भोके पाडायच्या यंत्राने कापली. सहा मिलिमीटरची चकती साठपटीने सव्वा फुटाची होते, म्हणजे माप अगदी बरोबर आले. धोतर राखी रंगावरून पांढऱ्यावर नेले. डोळे काढले नाहीत.

भाद्रपदातल्या एका शनिवारी त्या टेबलावर मेलकोट्याची भेट झाली. भाच्याने नियम केला होता, की जी इंग्रजी पलटण वाण्यापासून सहा इंचांच्या आत पोचेल तिची गेलेली ताकद एका फाशाच्या दानाइतकी परत येईल, आणि तेवढेच पैसे तिच्या खजिन्यातून वजा होतील. इंग्रजांकडून खेळणाऱ्या मित्राने तिसऱ्या पाळीला राखी सब्जावर बसलेल्या फिक्या गुलाबी पागोट्याच्या स्वाराकडे बोट दाखवून विचारले, ‘हा कोणाचा?’ भाचा म्हणाला, ‘फासा टाक.’